जुना लॅपटॉप सुरू होता होताच बंद पडतो? आधी सेकंद मोजा

बटण दाबले की दिवा लागतो, पंखा घरघरतो, कंपनीचा लोगो दिसतो आणि स्क्रीन काळी पडते. पुन्हा बटण, पुन्हा तेच. २०२० च्या टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी किंवा घरून काम करण्यासाठी घेतलेले कितीतरी लॅपटॉप आता या वयाला आले आहेत. दुकानात नेल्यावर ‘मदरबोर्ड गेला’ किंवा ‘फॉरमॅट मारावा लागेल’ यांपैकी एखादे निदान पाच मिनिटांत मिळते. पहिल्यात हजारो रुपये जातात, दुसऱ्यात फोटो आणि कागदपत्रे. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा पंख्यात साचलेल्या धुळीचा, थकलेल्या बॅटरीचा किंवा चुकीच्या चार्जरचा असतो. तो ओळखण्याची पहिली खूण घरीच मिळते. लॅपटॉप नेमका कितव्या सेकंदाला बंद पडतो, हे मोबाइलवर व्हिडीओ काढून पाहावे.

‘बंद’ की ‘रीस्टार्ट’?

दोन्हींत मोठा फरक आहे. निळी स्क्रीन दिसून लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर गडबड विंडोज, ड्रायव्हर, डिस्क किंवा रॅममध्ये असण्याची शक्यता अधिक. कसलाही संदेश न देता, वायर उपटल्यासारखे सगळे दिवे एकदम विझत असतील, तर वीज किंवा उष्णता यांचा संशय आधी घ्यावा. फॉरमॅट मारून या दुसऱ्या प्रकारात सहसा काहीच साधत नाही.

विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये अशा वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद दिसते. ती दाखवून ‘पॉवरचा सेक्शन गेला’ असे सांगितले जाते. पण या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता. का, ते ती नोंद सांगत नाही.

सेकंदांचा हिशेब

पहिल्या काही सेकंदांत विंडोज आलेलेच नसते. मदरबोर्डवरच्या चिपमधला ‘बायोस’ हा छोटा प्रोग्राम आधी रॅम, कीबोर्ड, पंखा, डिस्क यांची हजेरी घेतो. दोन-तीन सेकंदांतच, लोगो येण्याआधी, सारे विझत असेल तर संशय वीजपुरवठा, रॅम किंवा बोर्डावरचे शॉर्टसर्किट यांवर. इथे आधी चार्जर, माउस, पेन ड्राइव्ह सगळे काढावे, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढावी आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरावे. मग फक्त चार्जर लावून पाहावे. फुकटचा उपाय आहे आणि काही वेळा तेवढ्यानेही भागते. रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवणे ही पुढची पायरी. कोकण किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत पट्टीच्या टोकांवर आणि खाचेत थर बसतो.

अनेक एचपी लॅपटॉपवर कॅप्स लॉकचा, तर डेलच्या बऱ्याच मॉडेलवर बॅटरीचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. ही बायोसची सांकेतिक भाषा असते. किती वेळा आणि कोणत्या रंगात, याचा व्हिडीओ काढून कंपनीच्या संकेतस्थळावरील तक्त्याशी ताडून पाहावे. काही लॅपटॉप तर सरळच सांगतात. थिंकपॅडवर ‘फॅन एरर’ असे लिहून येते आणि यंत्र स्वतःच बंद होते. एचपीवर पंख्याचा संदेश ‘९०बी’ या क्रमांकाने येतो. पंखा फिरत नाही, म्हणून यंत्राने स्वतःला वाचवले, एवढाच त्याचा अर्थ.

लोगो निघून गेला, गोल फिरू लागले आणि मग वीज गेली, तर गोष्ट वेगळी. विंडोज सुरू होताना प्रोसेसरवर एकदम ताण येतो. तो जास्त वीज ओढतो आणि झटकन तापतो. जुन्या यंत्राचे दोन्ही दुबळे दुवे नेमके इथे उघडे पडतात.

ताप आहे का?

लॅपटॉपचे बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपासची मर्यादा पाळतात. त्याआधी ते वेग कमी करतात, तरीही तापमान चढत राहिले तर वीज तोडली जाते. पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा अक्षरशः नमदा तयार झालेला असतो. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्टही काही वर्षांत सुकते. त्यात विदर्भातला मे महिना आणि गादीवर ठेवून वापरलेला लॅपटॉप म्हटल्यावर दुसरे काय होणार!

उष्णता ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. लॅपटॉप रात्रभर बंद ठेवून सकाळी सुरू करावा. पहिल्यांदा चार मिनिटे चालला, लगेच पुन्हा सुरू केल्यावर दीड मिनिट आणि तिसऱ्यांदा अर्धेच मिनिट, असे होत असेल तर तो तापतो आहे. दर वेळी नेमक्या त्याच टप्प्यावर बंद पडत असेल, तर कारण बहुधा दुसरे.

साफसफाई आणि नवी पेस्ट हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतच नव्हे, तर तालुक्याच्या दुकानातही होणारे काम आहे आणि मदरबोर्डच्या तुलनेत त्याचा खर्च किरकोळ असतो. घरी ब्लोअर मारायचा असेल तर पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे. ते भरधाव फिरले तर बेअरिंग खराब होऊ शकते.

‘४० टक्के’ दाखवणारी बॅटरी

लिथियम-आयन सेल जुना झाला की त्याची क्षमता घटते आणि अंतर्गत रोधही वाढतो. म्हणजे टाकीत पाणी आहे, पण नळ गंजून अरुंद झाला आहे. संथपणे काम करताना चालते. प्रोसेसरने एकदम वीज मागितली की व्होल्टेज कोसळते आणि बॅटरीतले संरक्षक सर्किट पुरवठा तोडते. म्हणून स्क्रीनवर ४० टक्के दिसत असतानाही लॅपटॉप विझतो.

आधी चार्जर लावून आणि मग काढून, असे दोन्ही प्रकारे सुरू करून पाहावे. फक्त बॅटरीवर बंद पडत असेल तर दोष उघड आहे. चार्जर लावल्यावरच बंद पडत असेल तर चार्जर किंवा त्याची पिन पाहावी. बदली चार्जर कमी वॉटचा घेतलेला असतो, हीही नेहमीची गोष्ट. मूळ ६५ वॉटचा आणि आता लावलेला ४५ वॉटचा असेल, तर कमी पडलेली वीज बॅटरीकडून घ्यावी लागते आणि थकलेली बॅटरी ती देऊ शकत नाही. जुन्या चार्जरवरचा आकडा वाचायला दहा सेकंद लागतात.

टचपॅड वर उचलला गेला असेल, किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगली आहे. मग कोणतीही परीक्षा नको. चार्जर काढावा आणि यंत्र बंद ठेवावे. फुगवटा दाबू नये, टोचू नये. आग लागू शकते.

विंडोजला दोष कधी द्यावा?

सुरू करताना बायोसच्या पडद्यात शिरावे (कुठे एफ२, कुठे एफ१०, कुठे डिलीट) आणि १५ मिनिटे तसेच सोडून द्यावे. तिथेही बंद पडला तर विंडोजचा संबंध नाही. तिथे टिकला, तर दुसऱ्या संगणकावर पेन ड्राइव्हमध्ये लिनक्स घालून त्यावरून लॅपटॉप चालवावा. त्यात तासभर व्हिडीओ पाहूनही काही झाले नाही, तर विंडोज किंवा डिस्क तपासायला हरकत नाही.

आधी फाइली

दर वेळी अचानक वीज तुटली की डिस्कवर अर्धवट लिहिलेली फाइल बिघडण्याचा धोका असतो. त्यामुळे वीस वेळा बटण दाबून पाहण्यात शहाणपण नाही. यंत्र गार असताना पाच मिनिटे मिळत असतील, तर ती महत्त्वाच्या फाइली पेन ड्राइव्हवर घेण्यात घालवावीत. तेवढीही मिळत नसतील तर डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालावी आणि दुसऱ्या संगणकावर वाचावी.

पण अनेक लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. डिस्क दुसरीकडे लावली किंवा बायोसमध्ये काही बदलले की ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि मोबाइलवरूनही पाहता येते. लॅपटॉप उघडण्याआधी ती उतरवून घ्यावी.

दुकानात देताना तोंडी ‘बंद पडतो’ असे सांगण्याऐवजी व्हिडीओ दाखवावा आणि कितव्या सेकंदाला, चार्जरसह की त्याविना, हे लिहून द्यावे. लेखी परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये, असे पावतीवर नमूद करून घ्यावे. बदललेला भाग परत मागावा. फक्त बॅटरी परत आणली, तर ती घरच्या कचऱ्यात टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. फुगलेली बॅटरी तर दुकानदाराकडेच ई-कचऱ्यासाठी सोडलेली बरी.