बॅटरीतील युनिटचा खरा भाव

माल स्वस्ताईत भरावा आणि भाव चढल्यावर बाहेर काढावा, हे व्यापारातले जुने सूत्र आता घरच्या विजेलाही लागू झाले आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून वेळेनुसार वीजदराची चौकट आखली. तीनुसार सूर्यप्रकाशाच्या तासांतील दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा. सर्वाधिक मागणीच्या तासांत तो घरगुती ग्राहकांना किमान १.१० पट, तर व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना किमान १.२० पट असावा. प्रत्यक्ष तास आणि दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. महाराष्ट्रात स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत प्रतियुनिट ८० पैसे ते १ रुपया सवलत सुरू झाली.

छतावर सौर संच आणि घरात बॅटरी असलेल्या कुटुंबास साहजिकच वाटते की, दुपारी बॅटरी भरावी आणि संध्याकाळी वापरावी. मात्र गोदामात ठेवलेल्या मालास जशी घट असते, तशी ती साठवलेल्या विजेसही असते. शिवाय गोदामाचे भाडेही मोजावे लागते.

उदाहरणादाखल नेहमीचा दर १० रुपये धरू. केंद्रीय चौकटीप्रमाणे दुपारचा दर ८ आणि संध्याकाळचा ११ रुपये होईल. साठवणुकीत १० टक्के घट धरली, तर हाती येणारे एक युनिट ८.८९ रुपयांस पडते. एक लाख रुपयांची बॅटरी आयुष्यभरात २५,००० युनिट देईल असे मानल्यास प्रत्येक युनिटवर ४ रुपये घसारा बसतो. म्हणजे ११ रुपये वाचवण्यासाठी १२.८९ रुपये खर्च झाले. वीज कंपनीची वीज विकत घेऊन बॅटरी भरण्याचा हा व्यवहार तोट्याचा आहे. महाराष्ट्रातील सवलतीइतकाच फरक असेल, तर तोटा आणखी वाढेल.

स्वतःच्या सौर विजेचा हिशेब वेगळा लागतो. तुमची जादा वीज कंपनी ३ रुपयांनी घेत असेल, तर घट धरून साठवलेले युनिट ३.३३ रुपयांस आणि घसाऱ्यासह ७.३३ रुपयांस पडते. ते ११ रुपयांच्या वेळी वापरल्यास ३.६७ रुपये वाचतात. परंतु नेट मीटरिंगमध्ये युनिटच्या बदल्यात पूर्ण युनिट वळते होत असेल, तर रोज बॅटरी वापरण्यात लाभ उरत नाही. तेथे बॅटरी वीज गेल्यावरच्या सोयीसाठी राखावी.

यावरून इन्व्हर्टरची मांडणी ठरवावी. ग्रिडवरून चार्जिंग बंद ठेवावे. साठवलेली वीज सोडण्याची वेळ बिलावरील महाग तासांशी जुळवावी. इन्व्हर्टरचे घड्याळ चुकीचे असेल, तर सारी मांडणी व्यर्थ जाते. वीज खंडित होण्याच्या प्रसंगासाठी काही भाग राखीव ठेवावा. लिथियम बॅटरीस साधारण २० ते ३० टक्के राखीव पुरेसा असतो. शिसे-आम्लाची बॅटरी मात्र निम्म्याखाली उतरवू नये. पावसाळ्यात सौर निर्मिती घटते आणि वीज जाण्याचे प्रसंग वाढतात, तेव्हा राखीव भाग वाढवावा व दिवाळीनंतर पूर्ववत करावा.

बॅटरीहूनही स्वस्त उपाय घरातच आहे. पाण्याचा पंप, कपडे धुण्याचे यंत्र, गिरणी आणि इस्त्री दुपारीच चालवली, तर ना घट, ना घसारा. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या घरांत विजेच्या शेगडीचा मोठा भारही महाग तास सुरू होण्यापूर्वीच आटोपू शकतो. अशा घरास लहान बॅटरीही पुरते.

म्हणून बॅटरी खरेदी करण्यापूर्वी मागील बारा महिन्यांची बिले समोर घ्यावीत. दुपारचा दर, संध्याकाळचा दर, जादा विजेचा मिळणारा भाव आणि प्रतियुनिट घसारा हे चार आकडे एका कागदावर लिहावेत. त्यांतून शिल्लक निघत असेल तरच भांडवल गुंतवावे, आणि दरपत्रक बदलेल तेव्हा हा हिशेब पुन्हा मांडावा.