जीवदयेच्या वहीत समुद्रकासव

विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतस्वामी यांचे लांछन कासव. पीठावर कोरलेल्या त्या लहानशा कूर्मापुढे आपण हात जोडतो. परंतु आपल्याच कोकण किनाऱ्यावर त्या जीवाच्या सागरी भाऊबंदांची काय अवस्था आहे, याची विचारपूस फारच थोडे जण करतात. शास्त्राच्या परिभाषेत तो जलचर तिर्यंच पंचेंद्रिय. कायद्याच्या परिभाषेत, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी.

भारताच्या सागरात समुद्रकासवांच्या पाच जाती आढळतात. कोकणात अंडी घालण्यास येते ती मुख्यत्वे ऑलिव्ह रिडले. थंडीच्या दिवसांत मादी रात्री वाळूवर येते, मागच्या पायांनी खड्डा खणून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू दाबते आणि समुद्रात निघून जाते. पिलांचे मुख ती कधीच पाहत नाही. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांना रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे अशी घरटी उकरून अंडी पळवली जात असल्याचे आढळले. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामस्थांनाच राखणदार केले. सापडलेली अंडी काही तासांच्या आत, उलटी न होऊ देता, कुंपणाच्या आत तितक्याच खोल खड्ड्यात ठेवावी लागतात. उशीर झाला आणि अंडे फिरले तर आतला गर्भ दगावतो. पुढे पंचेचाळीस ते साठ दिवसांची प्रतीक्षा. पिले वाळूतून वर आली की त्यांना किनाऱ्यावर सोडतात. पाण्यापर्यंत ती स्वतःच चालत जातात. २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला आणि घरोघरी पाहुणे उतरू लागले. जिथे अंडी विकली जात होती, तिथे कासवामुळे चार पैसे येऊ लागले. व्यापाऱ्याला हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही.

डहाणूच्या केंद्राचे काम निराळे. तेथे वन विभाग आणि स्थानिक प्राणिमित्र जखमी कासवांवर उपचार करतात. ही कासवे विशेषतः पावसाळ्यात किनाऱ्याला लागतात. कुणाचा पाय जाळ्याच्या दोरीने कापलेला, कुणी पाण्यात बुडी मारू न शकणारे. असे कासव दिसताच त्याला ढकलून पुन्हा समुद्रात लोटणे, हे दयेपोटी केले तरी घातकच. त्याला सावलीत ठेवून वन विभागाला कळवावे.

आता आपल्या समाजात कुजबुजत विचारला जाणारा प्रश्न. ऑलिव्ह रिडले मांसाहारी आहे. टाकीतल्या रुग्णाला मासळी, माकूल द्यावे लागते. मग जीवदयेचा निधी तेथे द्यावा का? दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील जैन मंदिराच्या आवारातील पक्षी रुग्णालयाने यावर आपल्यापुरता मार्ग काढला आहे: शिकारी पक्ष्यांवर तेथे उपचार होतात, मात्र त्यांना मुक्कामास ठेवून घेत नाहीत. आमच्या मते हा संकोच प्रामाणिक आहे, आणि त्याची थट्टा करू नये. पण तेवढ्यावरून वही मिटून ठेवणेही योग्य नव्हे. टाकी, पाणी गाळण्याची यंत्रणा, औषधे, क्ष-किरण तपासणी, वाहतूक, यांपैकी कशालाही मासळी लागत नाही. देणगीची पावती विशिष्ट कामासाठी फाडता येते. पांजरपोळांत आपण चाऱ्याचा आणि औषधांचा हिशेब वेगळा ठेवत आलोच आहोत.

दुसरा मार्ग अधिक थेट आहे. जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर महाराष्ट्र शासन २०१८ पासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. मोठे जाळे मात्र याहून कितीतरी महाग असते, आणि त्या दिवसाची कमाईही जाते. हा फरक एखाद्या संघाने भरून द्यावा, असे आम्हांला वाटते. ‘मासेमाराला जैनांचा पैसा?’ असे कुणी म्हणेल. पण तो पैसा मासेमारीचा नसून सोडलेल्या जिवाचा असेल. बाजारातून कासव विकत घेऊन तळ्यात सोडण्याच्या प्रथेपेक्षा तर हे खचितच बरे. तिथे आपल्या रुपयाने विक्रेता उद्या आणखी एक कासव पकडून आणतो. घरात ‘शुभ’ म्हणून तारा कासव पाळणे तर कायद्यानेही गुन्हा आहे.

महाराष्ट्रात जून-जुलैची मासेमारीबंदी संपून ऑगस्टमध्ये नौका पुन्हा समुद्रात उतरतात. चातुर्मास तेव्हा चालू असतो, आणि थोड्याच दिवसांत पर्युषणात जीवदयेची टीप लिहिली जाते. जखमी कासवे किनाऱ्याला लागतात तीही याच दिवसांत. टीप मांडणाऱ्या विश्वस्तांनी त्याआधी एकदा डहाणूचे केंद्र पाहून यावे, आणि कोणत्या खर्चाला कोण हात देणार ते तेथेच विचारून घ्यावे.