स्त्रिया आणि पित्ताशयातील खडे

‘पित्त झाले आहे’ असे आपल्याकडे घरोघरी म्हटले जाते, तेव्हा बहुधा आम्लपित्त अभिप्रेत असते. या शब्दाआड पित्ताशयातील खड्यांचे दुखणे पुष्कळदा झाकले जाते. जेवणानंतर उठलेल्या कळेवर गृहिणी एखादी गोळी घेतात, थंड दूध पितात आणि पुन्हा कामाला लागतात. निदानास होणारा हा विलंब टाळायचा, तर हा विकार कोणाला व का होतो हे जाणून घेणे आवश्यक आहे.

यकृतात तयार होणारा पित्तरस पित्ताशय या लहानशा पिशवीत साठतो व दाट होतो. त्यातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढले, किंवा पिशवी पुरेशी रिकामी झाली नाही, म्हणजे स्फटिक जमून खडे बनतात. प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये हा विकार पुरुषांच्या सुमारे दोन ते तीन पट आढळतो. इस्ट्रोजेनमुळे पित्तातील कोलेस्टेरॉल वाढते, तर प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशयाचे आकुंचन मंदावते. गरोदरपणात हे दोन्ही परिणाम एकत्र घडत असल्याने अधिक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांना धोका अधिक असतो. इस्ट्रोजेनयुक्त औषधांनीही तो वाढू शकतो.

वाढते वय, स्थूलता, मधुमेह आणि आई-बहिणींना असलेला हाच विकार ही अन्य कारणे होत. मात्र हा आजार केवळ स्थूल स्त्रियांचा नव्हे. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने वजन घटविल्यास, किंवा वारंवार दीर्घकाळ उपाशी राहिल्यासही खडे होऊ शकतात. कारण अन्नावाचून पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात रक्तपेशी लवकर नष्ट होतात व तरुण वयातही निराळ्या, रंगद्रव्याच्या खड्यांची शक्यता असते.

बहुसंख्य खडे कोणताही त्रास देत नाहीत आणि अशा खड्यांवर सहसा शस्त्रक्रियेची गरज नसते. परंतु पोटाच्या वरच्या भागात, मध्यभागी वा उजवीकडे, अर्ध्या तासाहून अधिक टिकणारी व पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाणारी कळ वारंवार येत असल्यास सोनोग्राफी करून घ्यावी. ताप, थंडी, कावीळ किंवा न थांबणारी उलटी असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मुतखड्याप्रमाणे भरपूर पाणी पिऊन हे खडे पडून जात नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

त्रास देणाऱ्या खड्यांवर पित्ताशय काढणे हा प्रस्थापित उपचार आहे. 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीद्वारे ही शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. आता अशा नियोजित शस्त्रक्रियेनंतर रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जाते. याउलट, खडा पित्तनलिकेत अडकून स्वादुपिंडास सूज आल्यास अतिदक्षता विभागात राहण्याची वेळ येऊ शकते. प्राण धोक्यात येतात आणि कुटुंब कर्जात बुडते. गरजू रुग्णांसाठी सोनोग्राफीची वेळीच झालेली सोय म्हणूनच मोलाची ठरते. आणि कुटुंबीयांना एवढीच विनंती, की घरातील स्त्रीने पोटदुखीची तक्रार दुसऱ्यांदा केली, तर तिला ‘पित्त असेल’ असे सांगून थांबवू नये. तपासणीस घेऊन यावे.