काळ्या कोंबडीचा तुरा

काळी ती कडकनाथ, असा एक सोपा हिशोब आपल्याकडे गेल्या काही वर्षांत रूढ झाला आहे. हिशोब सोपा असला तरी चुकीचा आहे. पिसे काळी असणे ही एक गोष्ट आणि कातडी, जीभ, मांस, हाडांवरचे आवरण काळे असणे ही अगदी दुसरी. चीनमधली सिल्की नावाची कोंबडी पाहिली म्हणजे हा फरक चटकन ध्यानात येतो. वरून कापसासारखी पांढरीशुभ्र आणि पिसे बाजूला सारावीत तर आत शाईत बुडवून काढलेली कातडी! उलट काळी कुळकुळीत पिसे आणि आत नेहमीची गोरी कातडी, अशा गावरान कोंबड्या तर आपल्या कोणत्याही खेड्यात सापडतील.

कडकनाथचे मूळ घर पश्चिम मध्य प्रदेशातले झाबुआ, अलीराजपूर आणि धार हे जिल्हे. भिल्ल आणि भिलाला समाजांनी ही जात पिढ्यान् पिढ्या अंगणात सांभाळली. तिकडे तिला ‘कालामासी’, म्हणजे काळ्या मांसाची, असे म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि या पक्ष्याचा भाव आणि बोलबाला दोन्ही वाढले. भाव वाढला की भेसळ आलीच. आपल्या सांगली जिल्ह्यात २०१९ साली कडकनाथ पालनाच्या नावाखाली फसवणूक झाल्याच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी पोलिसांत गेल्या, हे वाचकांना आठवत असेल. त्या प्रकरणात पैशाचा हिशोब मोठा होता. पण अस्सल पक्षी कोणता आणि संकरित कोणता, हे विकत घेणाऱ्याला ओळखता येत नाही, हे दुखणे त्याहून जुने आहे.

कडकनाथच्या पिसांत तीन प्रकार मानतात: संपूर्ण काळा, पेन्सिलीने रेघा ओढल्यासारखा पांढरट छटांचा आणि मानेवर सोनेरी झाक असलेला. तिन्ही अस्सल. बाजाराला मात्र काळाच हवा असतो. त्यामुळे कोंबडीवाले सोनेरी आणि रेघांचे पक्षी आधी विकून टाकतात आणि जातीतली विविधता हळूहळू आटत जाते. खरी परीक्षा पिसांत नाहीच. ती तुऱ्यात, जिभेत, नडग्यांत आणि पंख उचलून पाहिलेल्या कातडीत आहे. (अंडे काळे असते ही निव्वळ थाप. ते फिकट तपकिरी असते. रक्तही लालच.)

हा काळेपणा येतो कोठून? अंड्यात गर्भ वाढत असताना रंग बनवणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि नेहमीच्या कोंबडीत पिसांपर्यंत जाऊन थांबतात. कडकनाथ, सिल्की आणि इंडोनेशियातली आयाम चेमानी यांच्यात त्या वाट सोडून आतल्या अवयवांतही शिरतात आणि तेथे भरमसाट वाढतात. विसाव्या गुणसूत्राचे दोन तुकडे या पक्ष्यांत दुप्पट झालेले असून त्यांत ‘ईडीएन ३’ हे रंगपेशींना चालना देणारे जनुक आहे. या सर्व जातींत हा बदल सारखाच सापडतो, म्हणजे तो एकदाच कधीतरी घडला आणि माणसाच्या डालग्यातून देशोदेशी गेला.

आता गंमत पाहा. हा गुण प्रभावी आहे. आई किंवा बाप, एकाकडून जरी आला तरी पिल्लू काळपट होऊ शकते. पण त्याला आवर घालणारे दुसरे एक जनुक असते आणि ते लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेले असते. पक्ष्यांत मादीकडे असे एकच गुणसूत्र कामाचे, आणि ते तिला फक्त बापाकडून मिळते. केंब्रिजचे बेटसन आणि पनेट यांनी सिल्की आणि लेगहॉर्न यांचा संकर करून १९११ मध्ये हे कोडे मांडले. सिल्की कोंबडा आणि लेगहॉर्न कोंबडी अशी जोडी लावली की तलंगा चांगल्या काळ्या निघतात आणि नर पिल्ले फिकी. जोडी उलटी केली की सगळीच फिकी! म्हणजे कडकनाथ कोंबडा आणि पांढऱ्या नडगीची कोंबडी यांच्या पोटची काळी तलंग आईच्या रक्ताने अर्धी परकी असूनही दिसायला कडकनाथच. बाजारात नेमकी तीच खपते.

याच बेटसनसाहेबांनी १९०२ पासून कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवले. ग्रँटचेस्टरच्या घरी ते कोंबड्या पाळत आणि त्यांच्या पत्नी बीट्रिस कामात मदत करीत. करवतीसारखा एकेरी तुरा, चपटा गुलाबी तुरा, आपल्या असीलचा आखूड वाटाणा तुरा, असे प्रकार. गुलाबी आणि वाटाणा यांचा संकर केला तर तिसराच अक्रोडासारखा तुरा उगवतो. त्या अक्रोडांची आपसांत पैदास केली की सोळात नऊ अक्रोड, तीन गुलाबी, तीन वाटाणा आणि एक एकेरी, असे प्रमाण येते. शाळेत जीवशास्त्राच्या वहीत आपण जो चौकोन काढला, तो याच पनेट यांच्या नावाचा.

गुलाबी तुऱ्याची एक शोकांतिकाही आहे. वायंडॉट जातीचे पालक वर्षानुवर्षे एकेरी तुऱ्याची पिल्ले वेगळी काढतात, तरी ती पुन्हा उगवतातच. ज्या कोंबड्यात गुलाबी तुऱ्याचे जनुक दोन्ही बाजूंनी असते त्याची प्रजननक्षमता कमी असते. त्यामुळे एकेरी जनुक लपवून बसलेले कोंबडेच जास्त पिल्लांचे बाप होतात. प्रदर्शनातले बक्षीस एकाला आणि वंश दुसऱ्याचा!

कडकनाथचा तुरा एकेरी, रानकोंबड्यासारखाच. एकेरी तुरा दबणारा गुण असल्याने तो फसवत नाही. पिल्लात आखूड वाटाणा तुरा दिसला की कोठेतरी असील येऊन गेला हे नक्की समजावे. पण तेवढ्याने निर्धास्त होऊ नये. गावरान आणि लेगहॉर्नचा तुराही एकेरीच, तेथे तुरा साक्ष देत नाही. शिवाय लबाड विक्रेता वाटाणा तुऱ्याची पिल्ले आधीच काढून टाकतो आणि उरलेल्यांत असीलचे बाकी रक्त तसेच राहते.

मग करावे काय? जातिवंत पैदास करणारे कोंबडा पारखतात, कारण आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा असतो आणि सगळ्या कळपाचा बाप तोच. संशय असलेला कोंबडा गोऱ्या कातडीच्या साध्या कोंबडीला लावायचा आणि फक्त तलंगा बघायच्या. कोंबडा अस्सल असेल तर सगळ्या काळपट. एकाच बाजूने काळा असेल तर साधारण निम्म्या गोऱ्या. अशा कोंबड्याच्या आठ तलंगा ओळीने काळ्या निघण्याची शक्यता २५६ त एकच. या चाचणीतली पिल्ले कळपात ठेवायची नाहीत, ती खाण्यापुरती.

याला वेळ लागतो. कडकनाथची कोंबडी खुडूक क्वचितच बसते, म्हणून अंडी उबवायला गावरान कोंबडी किंवा यंत्र लागते. नातलगांत पैदास होऊ नये म्हणून काही वर्षांनी दुसऱ्या गावचा कोंबडा आणावा लागतो आणि त्याचीही परीक्षा नव्याने. एक दिवसाचे पिल्लू निळसर-काळे, पाठीवर वेडेवाकडे पट्टे असलेले असते, आणि या वयात संकरित पिल्लूही तसेच दिसू शकते. म्हणून जाणती माणसे पिल्ले न घेता, तुरा वाढून त्याचा रंग उघड झालेले पक्षी घेतात, चोच उघडून जीभ पाहतात आणि विकणाऱ्याला म्हणतात, आधी याचा बाप दाखवा.