कुलूप नसलेली पेटी

मे २०००च्या प्रारंभी अमेरिकन सरकारने नागरी जीपीएसमध्ये हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची त्रुटी दूर केली. लगेचच, ३ मे रोजी, ओरेगॉन राज्यात पोर्टलंडजवळ डेव्ह अल्मर यांनी रानात एक बादली लपविली. तीत काही वस्तू, वही व पेन्सिल ठेवून त्यांनी त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. ‘जिओकॅशिंग’ हा शोधखेळ त्यातूनच जन्मला.

त्याचे नियम कोणत्याही पेढीला शोभावेत असे आहेत. पेटी सापडली की वहीत नाव व तारीख नोंदवायची. वस्तू घेतल्यास तितक्याच किंवा अधिक मोलाची वस्तू ठेवायची आणि पेटी होती तेथेच परत लपवायची. खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत, कारण वासाने प्राणी येतात.

या पेटीला ना कुलूप, ना राखणदार. कोणी नुसतेच घेत गेले, तर पुढे येणाऱ्या मुलाच्या हाती रिकामा डबा लागतो. म्हणून गावोगावचे खेळाडू वही भिजल्याची, डबा फुटल्याची वर्दी पेटी ठेवणाऱ्यास देतात, वाटेवरचा कचरा उचलतात. पुढचा शोधक बहुधा अनोळखीच असतो. तरीही त्याचा वाटा राखला जातो. पत म्हणजे काय, हे मुलांना समजावण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.