भाग १७ : डबा रूळ सोडतो तेव्हा दोष कुणाचा?

(भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात रूळ आणि वायरिंग झालं. आजचा विषय रोलिंग स्टॉक, म्हणजे रुळांवर चाकांनी फिरणारं सगळं. त्यातही आज इंजिन बाजूला ठेवू आणि फक्त डबे आणि वाघिणी बघू. चांगला डबा निवडायचा कसा, आणि हातात असलेला साधा डबा चांगला करायचा कसा?

आधी माझी फजिती सांगतो. माझा लेआउट आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडवर आहे. एचओ स्केल, म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. सुरुवातीचा सेट नवा घेतला आणि सहा वाघिणी जुन्या बाजारातून उचलल्या. गाडी एका सांध्यावर सारखी घसरायची. मी ठरवून टाकलं की सांधाच खराब आहे. तो कानशीनं घासला, उखडून परत बसवला, शेवटी नवा आणला. चार रविवार गेले, पैसे गेले, गाडी तिथंच घसरते आहे. सेट विकून टाकावा असं मी घरात बोलूनही दाखवलं होतं.

माझे आजोबा रेल्वेत कॅरेज अँड वॅगन खात्यात टीएक्सआर होते, म्हणजे गाडी तपासणारे. आता त्यांना बारीक दिसत नाही, पण खुर्ची टाकून शेजारी बसतात. त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "अरे, पडतो कुठे ते कळलं. कोणता पडतो?"

आणि मला सांगता येईना! दिवसभर ऑफिसात लोकांना "लॉग बघितला का?" विचारणारा मी, घरी लॉगच ठेवला नव्हता. मग प्रत्येक डब्याला चिठ्ठी लावून नंबर दिले आणि वीस फेऱ्या मारल्या. चौदा वेळा गाडी घसरली, त्यातल्या अकरा वेळा सुरुवात दोनच वाघिणींनी केली होती. सांधा बिचारा निर्दोष निघाला. सांध्यावर दोष उघड होतो, एवढंच.

तर आजची मुख्य गोष्ट ही : महाग डबा घ्यायच्या आधी आहे तो डबा मोजा. चार गोष्टी मोजायच्या.

पहिली, चाकं. एका ॲक्सलवरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर एचओमध्ये साधारण १४.४ मिलिमीटर असावं. माझ्या तीन नंबरच्या वाघिणीत ते १३.९ भरलं. अर्धा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण चाकं आत सरकलेली असली की सांध्यातल्या चेक रेलवर आतून घासतात आणि वर चढतात. आजोबा म्हणाले, खऱ्या ब्रॉडगेजवर हेच अंतर १६०० मिलिमीटर, आणि तिथंही एक-दोन मिलिमीटरचाच खेळ चालतो. धातूची चाकं असतील तर ॲक्सलवर हळूहळू फिरवत ओढून अंतर दुरुस्त करता येतं. दोन्ही बाजू सारख्या राहतील एवढं बघा. स्वस्तातला डिजिटल कॅलिपर या कामाला पुरतो.

चाकं प्लास्टिकची असतील तर सरळ बदला. प्लास्टिकवर मळ लवकर धरतो आणि तोच रुळभर पसरतो. नवी चाकं घेताना तीन गोष्टी विचारा : फ्लँजचा आकार आरपी-२५ आहे का, ॲक्सलची लांबी तुमच्या बोगीला बसते का, आणि निदान एक चाक इन्सुलेटेड आहे का. शेवटचं विसरलात तर दोन रूळ ॲक्सलनं जोडले जातील आणि शॉर्ट होईल. (बोगी म्हणजे इथे अख्खा डबा नाही, खालचा चार चाकांचा गाडा.)

चाकं नीट फिरतात का, हे बघायला मीटरभर फळीवर रूळ ठेवा आणि एक टोक दोन सेंटिमीटर उचला. डबा न ढकलता निघाला पाहिजे. अडला तर ॲक्सलची टोकं बसतात त्या खोबणीत कचरा किंवा प्लास्टिकचा चुरा असतो. तो काढा, चिमूटभर ग्रॅफाइट पूड टाका. तेल नको, त्यावर धूळ चिकटते.

दुसरी, वजन. इथं अंदाज चालत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची एचओसाठी शिफारस आहे : एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. आपल्या मापात २८ ग्रॅम, अधिक प्रत्येक सेंटिमीटरला ५.६ ग्रॅम. पंधरा सेंटिमीटरची वाघीण ११२ ग्रॅमची हवी. माझी पाच नंबरची स्वयंपाकघरातल्या काट्यावर ६८ भरली! हलका डबा मधे असला की वळणावर पुढचे-मागचे त्याला आतल्या बाजूला ओढून पाडतात.

वजन कुठून आणायचं? टायरवाल्याकडे जा. व्हील बॅलन्सिंगसाठी चिकटपट्टीवर पाच-दहा ग्रॅमचे तुकडे मिळतात. शिशाचे नको, लोखंडी मागा. मी दहाचे चार आणि पाचचा एक लावला. तुकडे तळाशी, दोन्ही बोगींवर सारखे वाटून लावा. छताला लावलेत तर डबा डुलेल. आणि जास्त वजन म्हणजे जास्त चांगलं असं नाही, चढावर इंजिन धापा टाकेल.

तिसरी, बोगीचे स्क्रू. हे फुकटचं काम, पण फरक मोठा पडतो. एका बोगीचा स्क्रू असा आवळा की ती डावी-उजवीकडे वळेल पण डुलणार नाही. दुसरीचा किंचित सैल ठेवा, म्हणजे ती थोडी डुलेल. तीन पायांचं स्टूल कसं उंचसखल जमिनीवरही लडबडत नाही, तसंच. दोन्ही घट्ट असतील तर रूळ जरा वाकडा आला की एक चाक हवेत.

चौथी, कपलर. मी सगळीकडे केडीचे लावले. कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलंय. कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून साधारण ९.९ मिलिमीटर वर हवा. त्यासाठी गेज मिळतं, ते घ्याच. कपलर खाली असेल तर बोगी आणि डब्याच्या मधे पातळ वॉशर घाला. खाली लोंबणारी तार सांध्यात अडकत नाही ना, तेही बघा. खऱ्या गाडीतही बफरची उंची रिकाम्या डब्याला जास्तीत जास्त ११०५ आणि भरलेल्याला कमीत कमी १०३० मिलिमीटर, हे आजोबांना अजून पाठ आहे.

आता नवीन घेताना. आधी तुमच्या लेआउटचं सगळ्यात तीव्र वळण मोजा. माझं अठरा इंच त्रिज्येचं आहे, त्यावर तीस सेंटिमीटरचे लांब प्रवासी डबे शोभत नाहीत आणि बहुतेक चालतही नाहीत. छोट्या वाघिणी मजेत जातात. कपलर बोगीला नाही, डब्याच्या सांगाड्याला जोडलेला बघा, नाहीतर गाडी मागे ढकलताना बोगी तिरकी होऊन उतरते. रंग, अक्षरं, शिड्या हे सगळं त्यानंतर. दुकानात डबा हातात घेऊन चाक फिरवा. लडखडलं तर परत ठेवा.

दुरुस्तीनंतर पन्नास फेऱ्या मारल्या, पंचवीस पुढे आणि पंचवीस मागे. पडला एकच डबा, तीन नंबर. त्याचा सांगाडाच पिळलेला होता, तो माझ्याच्यानं सरळ झाला नाही. मी म्हटलं टाकून देतो. आजोबा म्हणाले, "टाकायचा कशाला? सिक मार." रेल्वेत नादुरुस्त वाघिणीला सिक म्हणतात आणि ती सिक लाइनला उभी करतात. म्हणून माझ्या लेआउटच्या कोपऱ्यात आता एक छोटी सिक लाइन आहे, आणि तीन नंबर तिथं उभी आहे.

सेट विकला नाही, हे वेगळं सांगायला नको. संध्याकाळी गाडी चालू केली की आजोबा डोळे मिटून ऐकतात आणि मधेच म्हणतात, "पाचवा डबा वाजतोय." मी थांबवून बघतो. बहुतेक वेळा खरंच पाचव्याच्या चाकावर मळ असतो.

या आठवड्यात एवढंच करा : डब्यांना नंबर द्या, वीस फेऱ्या मारा, कोणता पडतो ते लिहून ठेवा. खरेदी त्यानंतर. भेटू पुढच्या भागात!