आरंभाचे पुरावे, अंताचे अंदाज

रायगड जिल्ह्यात थळ येथे जड पाणी तयार करण्याचा प्रकल्प आहे. ज्या पाण्यात साध्या हायड्रोजनऐवजी दुप्पट वजनाचा हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम असतो, ते जड पाणी. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा वेग कमी करण्यासाठी ते लागते. ड्युटेरियम निसर्गात विरळ असतो, समुद्राच्या पाण्यात हायड्रोजनच्या सुमारे ६४०० अणूंमागे एक. पण विश्वाचा अभ्यास करणाऱ्याला वेगळाच प्रश्न पडतो: तो एक तरी शिल्लक कसा? कार्बन, ऑक्सिजन, लोह ही मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात घडली. ड्युटेरियम तिथे तयार झाला तरी टिकत नाही, काही सेकंदांतच त्याचे हेलियममध्ये रूपांतर होते. तारे त्याला संपवतात, साठवत नाहीत. त्याची एवढी निर्मिती करू शकेल अशी एकच जागा आजवर सापडली आहे, आणि ती म्हणजे १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या विश्वातली पहिली काही मिनिटे. विश्वाची जीवनकथा सांगताना आरंभ, मध्य आणि अंत एकाच ठाम सुरात सांगण्याची पद्धत पडली आहे. ती मला पटत नाही. सर्वसाधारण समजूत अशी की आरंभ हे गूढ आणि अंत मात्र गणिताने काढता येण्यासारखा. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. पहिल्या सेकंदापासून पुढचे विश्व आपल्याला चांगलेच पक्के ठाऊक आहे, आणि अंताबद्दल जे सांगितले जाते त्यातला बराचसा भाग अजून अंदाज आहे.

हेलियमचा हिशोब पाहिला तर आरंभाविषयीचा हा विश्वास कशावर उभा आहे ते कळते. महास्फोटानंतर एका सेकंदाने विश्वाचे तापमान सुमारे हजार कोटी अंश होते. तोवर प्रोटॉनचे न्यूट्रॉन आणि न्यूट्रॉनचे प्रोटॉन होणे चालूच होते. विश्व निवत गेले तशी ही अदलाबदल थांबली आणि साधारण सहा प्रोटॉनांमागे एक न्यूट्रॉन उरला. सुटा न्यूट्रॉन फार जगत नाही. दहा मिनिटांत निम्म्या न्यूट्रॉनांचा क्षय होऊन प्रोटॉन तयार होतात. त्यामुळे अणुकेंद्रे जुळू लागण्याच्या वेळी हे प्रमाण सातास एक झाले होते. आता १४ प्रोटॉन आणि २ न्यूट्रॉन असे १६ कण घ्या. दोन्ही न्यूट्रॉन दोन प्रोटॉनांसह एका हेलियम केंद्रात बसतात आणि १२ प्रोटॉन हायड्रोजन म्हणून उरतात. १६ पैकी ४, म्हणजे वस्तुमानाने २५ टक्के हेलियम. ज्या दीर्घिकांमध्ये ताऱ्यांनी फारशी भर घातलेली नाही, त्यांच्यात मोजले तर हेलियम २४ ते २५ टक्केच भरतो. ‘बिग बँग’ हा शब्द १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर वापरणारे फ्रेड हॉइल या सिद्धांताचे कट्टर विरोधक होते. पण एवढा हेलियम नेहमीच्या ताऱ्यांना बनवता येणार नाही, हे १९६४ मध्ये रॉजर टेलर यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनीच दाखवून दिले. विरोधकाच्या हातून आलेला हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो.

ड्युटेरियमचा पुरावा तर याहून बारीक आहे. सुरुवातीला साधे द्रव्य जितके दाट, तितका ड्युटेरियम कमी उरतो. दूरच्या क्वेसारांचा प्रकाश ज्या जुन्या वायुमेघांतून येतो, त्यांत लाख हायड्रोजन अणूंमागे सुमारे अडीच ड्युटेरियम आढळतात. (पृथ्वीवरच्या पाण्यात हे प्रमाण जास्त आहे, कारण अंतराळातल्या थंड मेघांमधल्या रासायनिक क्रियांमुळे जड हायड्रोजन पाण्यात अधिक साठत गेला.) त्यावरून हिशोब केला तर आजच्या विश्वात साध्या द्रव्याचा वाटा सुमारे ५ टक्के निघतो. आता दुसरा साक्षीदार. १९६५ मध्ये आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी न्यू जर्सीतल्या अँटेनाने टिपलेले वैश्विक पार्श्वप्रारण जाहीर झाले. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना, सुमारे ३००० अंश तापमानाला पहिल्यांदा अणू बनले आणि प्रकाशाला वाट मोकळी झाली. तोच हा प्रकाश, आता केवळ २.७ केल्विनपर्यंत निवलेला. त्यात दिशेनुसार लाखात एक भाग इतका तापमानाचा फरक आहे. कोबे उपग्रहाने तो १९९२ मध्ये दाखवला आणि पुढे प्लँक उपग्रहाने त्याची तपशीलवार नक्षी मोजली. त्या नक्षीवरूनही साध्या द्रव्याचा वाटा सुमारे ५ टक्केच निघतो. एक साक्ष पहिल्या काही मिनिटांची, दुसरी चार लाख वर्षांच्या आसपासची. एकीमागे अणुकेंद्रांचे भौतिकशास्त्र, दुसरीमागे तप्त वायूतल्या ध्वनिलहरी. त्यांनी एकमेकींना विचारून उत्तर दिलेले नाही. लिथियमची साक्ष मात्र जुळत नाही, गणितापेक्षा तो सुमारे तीनपट कमी आढळतो. ही अडचण खरी आहे आणि ती लपवू नये. पण लिथियम ताऱ्यांमध्ये नष्ट होतो हेही माहीत आहे, त्यामुळे एवढ्यावरून इतर साक्षी फेटाळता येत नाहीत.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, तिथे पाहायला कोण गेले होते? भूतकाळाबाबत हा आक्षेप खगोलशास्त्रात तितकासा लागू पडत नाही, कारण प्रकाशाला यायला वेळ लागतो आणि दूरचे पाहणे म्हणजेच जुने पाहणे. विश्व पूर्वी अधिक तप्त होते हे नुसते मानून चालायचे कारण नाही, ते मोजता येते. पुण्याच्या आयुका या संस्थेतले रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांचे फ्रान्स व चिलीतले सहकारी यांनी नेमके हेच केले. सुमारे ११०० कोटी वर्षांपूर्वीच्या एका वायुमेघातले कार्बन मोनॉक्साइडचे रेणू भोवतालच्या प्रारणाने किती उत्तेजित झाले होते, ते त्यांनी चिलीतल्या महादुर्बिणीने वर्णपटात वाचले. सिद्धांतानुसार त्या काळी पार्श्वप्रारणाचे तापमान ९.३ केल्विन असायला हवे होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या मापनात ते ९.१५ आले, आणि त्यातली संभाव्य चूक एका अंशाहून कमी होती. ही आयुका उभी केली ती जयंत नारळीकरांनी, आणि नारळीकर आयुष्यभर महास्फोटाच्या कल्पनेवर शंका घेत राहिले. १९४८ च्या मूळ स्थिर स्थिती सिद्धांतात विश्व सदासर्वदा सारखेच असते, म्हणून त्याला हे वाढते तापमान सामावून घेता येत नाही. हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सुधारित प्रतिमानाचे तसे नाही. त्यात विश्व आलटून पालटून प्रसरण आणि आकुंचन पावते, त्यामुळे मागे गेल्यावर तापमान वाढलेले दिसणे त्याला मान्य आहे. त्याची अडचण वेगळी. पार्श्वप्रारणासाठी त्याला अंतराळात लोहाच्या सूक्ष्म सुया मानाव्या लागतात, हलक्या मूलद्रव्यांसाठी निर्मितीच्या स्वतंत्र घटना. महास्फोटाच्या सिद्धांतात साध्या द्रव्याची घनता ही एकच संख्या हेलियम, ड्युटेरियम आणि प्रारणाची नक्षी यांना जोडते. नारळीकरांच्या शंकांनी पुरावे कसाला लागले, आणि त्यातून ते अधिक पक्के झाले, असे माझे मत आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विश्वाचा ९५ टक्के भाग, म्हणजे सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्य आणि ६८ टक्के कृष्णऊर्जा, काय आहे हेच माहीत नसताना आरंभ कळला असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? पण हे टक्के आजच्या विश्वाचे आहेत. विश्व प्रसरण पावते तसे द्रव्य विरळ होते, प्रारण त्याहून वेगाने क्षीण होते, आणि कृष्णऊर्जेची घनता मात्र, निदान आजवरच्या साध्या हिशोबात, तशीच राहते. म्हणून मागे जावे तसा तिचा वाटा घटत जातो. पार्श्वप्रारण सुटले तेव्हा तो अब्जात एक-दोन भाग इतकाच होता. त्याहून मागे, अणुकेंद्रे जुळत होती तेव्हा, प्रारणापुढे कृष्णद्रव्यही नगण्य होते. त्या काळी प्रसरणाचा वेग ठरवणारे घटक म्हणजे प्रकाश, न्यूट्रिनो आणि इलेक्ट्रॉन, आणि हे सगळे प्रयोगशाळेत तपासलेले आहेत. आपले अज्ञान विश्वाच्या बालपणात फारसे अडथळा आणत नाही, ते उत्तरायुष्यात वरचढ होते. पहिल्या सेकंदाच्या अगदी आतल्या भागाबद्दल मात्र मी हे म्हणणार नाही. विश्व क्षणार्धात प्रचंड फुगले या कल्पनेला निर्णायक पुरावा मिळालेला नाही. २०१४ मध्ये बायसेप-२ या प्रयोगाने तो सापडल्याचे सांगितले, पण तो संकेत मुख्यतः आकाशगंगेतल्या धुळीचा निघाला. शून्य क्षणाला काय घडले, हे सांगणारे भौतिकशास्त्र आपल्याजवळ नाही.

आता अंताकडे. त्यातला जवळचा टप्पा पक्का आहे, कारण तो ताऱ्यांचा आहे. सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा झाला. आणखी साधारण ५०० कोटी वर्षांनी तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल आणि मागे श्वेत बटू उरेल. विश्वात तारे जन्मण्याचा वेग १००० कोटी वर्षांपूर्वी शिगेला होता, आज तो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. लहानगे लाल बटू तारे मात्र लाखो कोटी वर्षे जळत राहतील. पण याच्या एक पाऊल पुढे गेले की जमीन भुसभुशीत होते. आपली आकाशगंगा आणि देवयानी दीर्घिका यांची टक्कर अटळ आहे असे वर्षानुवर्षे छापले गेले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या गणनांत शेजारच्या इतर दीर्घिकांची ओढही धरली, तेव्हा पुढच्या १००० कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता सुमारे निम्मीच निघाली. शेजारच्या दीर्घिकेची ही कथा, तर सगळ्या विश्वाची काय?

ती कृष्णऊर्जेवर अवलंबून आहे. प्रसरण वेगावते आहे हे १९९८ मध्ये दूरच्या महानवताऱ्यांवरून कळले. ही ऊर्जा कायम अशीच राहिली, तर आपल्या शेजारच्या मोजक्या दीर्घिका सोडून बाकी सगळ्या दृष्टिआड जातील. ती वाढत गेली तर दीर्घिका, तारे, शेवटी अणूही फाटतील. ती ओसरून ऋण झाली तर विश्व पुन्हा आकसेल. ॲरिझोनातल्या डेसी या सर्वेक्षणाने जवळपास दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार यांच्या नकाशावरून मार्च २०२५ मध्ये सांगितले की कृष्णऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी. हा निष्कर्ष शोध म्हणून मान्य होण्याच्या सांख्यिकी पातळीला अजून पोहोचलेला नाही. पण तो टिकला तरी ‘आजवर काय झाले’ एवढेच कळेल. जिचे स्वरूप ठाऊक नाही अशी गोष्ट लाख कोटी वर्षांनी कशी वागेल, हे वक्ररेषा पुढे ओढून ठरत नाही.

विरोधात असे म्हणता येईल की अवकाशाचे काहीही होवो, द्रव्याचे भवितव्य तरी नियमांनी बांधलेले आहे. पण तेही अर्धेच खरे आहे. हॉकिंग यांच्या गणितानुसार सूर्याएवढे कृष्णविवर विरून जायला १ वर ६७ शून्ये इतकी वर्षे लागतील. अशा कृष्णविवराचे हे विरणे अजून कोणी पाहिलेले नाही. विझलेल्या ताऱ्यांचे निखारे किती काळ राहतील, हे प्रोटॉन अमर आहे की नाही यावर ठरेल. ते तपासायला मुंबईच्या टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर उपकरण मांडले होते. काही घटना प्रोटॉनच्या क्षयाच्या असाव्यात असे त्यांना वाटले, पण पुढच्या मोठ्या प्रयोगांत त्याला दुजोरा मिळाला नाही. जपानमधल्या सुपर-कामिओकांडे या प्रयोगाच्या टाकीतल्या ५० हजार टन पाण्यातही क्षय दिसलेला नाही. त्यावरून त्याच्या क्षयाच्या मुख्य अपेक्षित मार्गासाठी प्रोटॉनचे आयुष्य १ वर ३४ शून्ये इतक्या वर्षांहून अधिक असले पाहिजे, एवढेच ठरते. आता तिथेच त्याहून कितीतरी मोठी टाकी उभी राहते आहे. तिच्यात क्षय दिसला तर द्रव्याच्या अंताचा एक टप्पा पहिल्यांदाच मोजमापाच्या कक्षेत येईल. दिसला नाही, तर आयुष्याची किमान मर्यादा आणखी पुढे सरकेल आणि प्रश्न होता तसाच उघडा राहील.